बेस हातात घेतल्यावर पहिली वीस मिनिटं

बेस गिटार वाजवणाऱ्या सगळ्यांना माझी कळकळीची विनंती आहे. बेस गळ्यात अडकवला की पहिली वीस मिनिटं आर्पेजिओंना द्या, आणि ते सावकाश वाजवा. शेजारशेजारच्या चार फ्रेटांवर एक-दोन-तीन-चार अशी बोटं फिरवायचा व्यायाम बहुतेक जण करतात. त्यानं बोटं मोकळी होतात, पण कानाला काहीच काम मिळत नाही, कारण त्या चार सुरांची ओळ आपल्या गाण्यांत सहसा येतच नाही. आर्पेजिओत कॉर्डचे सूर एकेक करून वाजतात, आणि बँडमध्ये बेसवाल्याचा मुक्काम बहुतेक वेळ त्याच सुरांवर असतो. मग हात गरम करतानाच ते सूर पक्के का करू नयेत?

घरात पेटी असेल, लहानपणी अलंकार-पलटे घोटले असतील, तर तुमची निम्मी वाट आधीच चालून झाली आहे. सी या सुराला सा माना. सा-ग-प-नी, रे-म-ध-सा, ग-प-नी-रे, म-ध-सा-ग, प-नी-रे-म, ध-सा-ग-प, नी-रे-म-ध. सगळे स्वर शुद्ध. सी मेजर स्केलमधल्या सातही सेव्हन्थ कॉर्ड यात आल्या. प्रत्येक सूर तोंडानं म्हणत वाजवा. जो सूर गळ्यातून निघत नाही तो बोटाला नुसता पाठ झालेला असतो, आणि गाण्याची पट्टी बदलली की असं पाठांतर दगा देतं. म्हणून आज सी, उद्या एफ, परवा बी फ्लॅट असं चौथ्या-चौथ्या सुरानं पुढे जात बाराही पट्ट्या फिरा.

हे जमलेल्यांनी तिथेच थांबू नये. पुढचा टप्पा म्हणजे त्याच कॉर्डची सुरुवात सा सोडून दुसऱ्या सुरावर करणं: ग-प-नी-सा, मग प-नी-सा-ग, मग नी-सा-ग-प. बेसवाल्याचा हात सवयीनं मूळ सुराकडे धावतो. ती सवय वाईट नाही, पण तेवढ्यावरच राहिलं तर प्रत्येक कॉर्ड बदलताना हात मानेवर उड्या मारत राहतो.

या उड्या थांबवणारा व्यायाम मला सगळ्यांत मोलाचा वाटतो. एक कॉर्ड संपली की पुढची कॉर्ड तिच्या सर्वांत जवळच्या सुरावर सुरू करायची. डी मायनर सेव्हन, जी सेव्हन, सी मेजर सेव्हन ही नेहमीची साखळी घ्या. ए तारेवर पाचवा आणि आठवा फ्रेट, डी तारेवर सातवा, जी तारेवर पाचवा: रे-म-ध-सा. आता जी सेव्हनसाठी खालच्या जी सुराकडे पळू नका. त्याच जी तारेवर एक फ्रेट मागे नी आहे. तिथून उतरा: जी तारेचा चौथा, डी तारेचा पाचवा, ए तारेचा आठवा, मग पाचवा. नी-प-म-रे. तिसऱ्या कॉर्डला ए तारेच्या सातव्या फ्रेटवरच्या ग पासून चढा, डी तारेचा पाचवा, जी तारेचा चौथा आणि पाचवा. ग-प-नी-सा. तिन्ही कॉर्ड चौथ्या ते आठव्या फ्रेटच्या आत झाल्या. हात जागचा हलला नाही, आणि ऐकणाऱ्याला तीन सुट्या कॉर्ड ऐकू न येता एक चाल ऐकू आली.

मेट्रोनोम 60 वर ठेवा. एका ठोक्याला एकच सूर. हे कंटाळवाणं वाटेल, पण याच वेगात स्वतःचे दोष ऐकू येतात. त्यांतला मोठा दोष म्हणजे आधीची तार वाजत राहणं. बेसची सर्वांत जाड मोकळी तार सेकंदाला सुमारे 41 वेळा कंप पावते. इतक्या खर्जात दोन सूर एकमेकांत मिसळले की गोडवा जातो आणि नुसती घरघर उरते. स्केल वाजवताना एका तारेवर बरेच सूर येतात, त्यामुळे हा दोष झाकला जातो. आर्पेजिओत जवळजवळ प्रत्येक सुराला तार बदलते, म्हणून तो उघडा पडतो. सूर संपला की डाव्या हाताचं बोट फ्रेटवरून सैल करा, पण तारेवरून उचलू नका. उजव्या हाताचा अंगठा पिकअपवर रोवून न ठेवता वरच्या तारांवर सरकता ठेवा, म्हणजे तो त्या तारा दाबून धरेल. सूर बंद करायला शिकणं हे सूर काढण्याइतकंच मोठं काम आहे, आणि शिकवणारेही याकडे फार कमी लक्ष देतात.

आता हाताबद्दल. नेहमीच्या 34 इंची बेसवर पहिल्या फ्रेटपासून चौथ्यापर्यंत जवळजवळ 13 सेंटीमीटर अंतर असतं. साध्या गिटारवर ते 10च्या आत असतं. दर फ्रेटला एक बोट हा नियम खालच्या फ्रेटांवर हट्टानं पाळाल तर मनगट वाकडं होईल आणि करंगळी ताणली जाईल. उभ्या डबल बेससाठी फ्रान्झ सिमांडल यांनी जी पद्धत लिहिली तिच्यात अनामिका आणि करंगळी मिळून एकच काम करतात: तर्जनी, मधलं बोट, करंगळी, एवढीच वापरायची. पाचव्या फ्रेटच्या खाली तीच वापरा. वर फ्रेट जवळजवळ येतात, तिथे चारही बोटं मोकळी सोडा. ओढ जाणवली तर चालेल, पण दुखलं की त्या दिवशी थांबा, आणि दुखणं चार दिवसांत गेलं नाही तर डॉक्टरांना दाखवा.

शेजाऱ्यांना त्रास नको म्हणून बरेच जण अँप न लावता सराव करतात. तसं करू नका. आवाज येत नाही म्हणून उजवा हात नकळत जोरात मारायला लागतो, आणि तोच जोर स्टेजवर सोबत येतो. हेडफोनचा छोटा अँप घ्या, आणि बोट हलकं ठेवा. जेम्स जेमर्सन यांनी मोटाउनच्या कितीतरी गाण्यांवर उजव्या हाताच्या एकट्या तर्जनीनं बेस वाजवला आहे. तेव्हा बोटांच्या संख्येची आणि वेगाची चिंता सोडा. जॅको पास्टोरियस यांच्या 1976च्या अल्बममधलं पहिलंच ‘डोना ली’ ऐकून अनेकांना फक्त वेग दिसतो. ते अर्ध्या वेगानं लावून ऐका. त्या धावपळीत कॉर्डचे सूर किती नेमक्या जागी पडतात ते कळेल.

व्यायामाचा कंटाळा आला तर बाखच्या पहिल्या चेलो सुइटचा प्रील्यूड उघडा. तो जवळजवळ सगळाच आर्पेजिओंचा आहे. चेलोच्या तारा पाचव्या सुराच्या अंतरानं लावलेल्या असतात, बेसच्या चौथ्या सुराच्या, त्यामुळे बोटं कुठे ठेवायची हे तुमचं तुम्हालाच शोधावं लागेल. कागदावर आहे तसंच वाचा, बेसवर ते आपोआप एक सप्तक खाली वाजेल. एका आठवड्यात चार ओळी झाल्या तरी पुष्कळ.