उत्प्रेरक भाग घेतो!

विद्यार्थी मित्रांनो, ‘अभिक्रियेत स्वतः भाग न घेता तिचा वेग वाढवणारा पदार्थ म्हणजे उत्प्रेरक’, ही व्याख्या तुमच्यापैकी अनेकांना पाठ असेल. ती चुकीची आहे आणि वर्गातून तिची हकालपट्टी व्हायला हवी, असे माझे स्पष्ट मत आहे.

अमोनियाचे उदाहरण घ्या. युरियासाठी लागणारा हा वायू नायट्रोजन व हायड्रोजन यांपासून सुमारे ४०० ते ५०० अंश सेल्सिअसला, लोहाच्या साहाय्याने बनवतात. नायट्रोजनच्या रेणूतले दोन अणू तिहेरी बंधाने जखडलेले असतात. तो बंध तोडतो कोण? लोह! धातूच्या आतल्या अणूला सर्व बाजूंनी शेजारी असतात. पृष्ठभागावरच्या अणूची एक बाजू उघडी असते. नायट्रोजनचा रेणू तेथे चिकटतो. यालाच अधिशोषण म्हणतात. लोहाशी बंध जुळताना रेणूतला बंध सैल होतो आणि अखेर तुटतो. हायड्रोजनचे रेणूही असेच फुटतात. मग नायट्रोजनच्या अणूला एकेक करून तीन हायड्रोजन अणू मिळतात, अमोनिया निघून जातो आणि लोहावरची जागा मोकळी होते.

असा कारखाना १९१३ मध्येच सुरू झाला. पण या पायऱ्या उलगडायला कित्येक दशके लागली. कारण पृष्ठभाग स्वच्छ ठेवणेच महाकठीण! दाब हवेच्या शंभर कोटी पटींनी कमी केला, तरी एक-दोन सेकंदांत धातूवर रेणूंचा थर बसू शकतो. त्याहून हजारो पटींनी उत्तम निर्वातात जर्मनीच्या गेरहार्ट एर्ट्ल यांनी लोहाच्या स्वच्छ स्फटिकांवर प्रयोग केले. नायट्रोजन फुटणे हीच सर्वांत मंद पायरी ठरली: दहा लाख धडकांत जेमतेम एखादा रेणू फुटतो. पृष्ठभागांवरील संशोधनासाठी एर्ट्ल यांना २००७ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

शाळेत एवढे कशाला, असे काही शिक्षक म्हणतील. पण उत्प्रेरक काहीच करत नसेल, तर काच न घेता लोहच का? अखंड तुकड्याऐवजी सच्छिद्र कण का? थोड्याशा गंधकाने तो निकामी का होतो? जुन्या व्याख्येपाशी या प्रश्नांना उत्तर नाही. पृष्ठभाग समजला, की उत्तरे तुम्हीच द्याल: काचेशी नायट्रोजनचे जुळत नाही, कणांत पृष्ठभाग जास्त मिळतो आणि गंधक मोक्याच्या जागा अडवून बसते.

तेव्हा वहीत दुरुस्ती करा: उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेतो, तिला सोपी वाट देतो आणि शेवटी पूर्ववत होतो.