प्रोजेक्ट मे महिन्यात, द्राक्षं फेब्रुवारीत

नाशिकमध्ये एमबीए करणाऱ्या, त्यातही आंतरराष्ट्रीय व्यापार हा विषय घेतलेल्या मुलांचे प्रोजेक्ट रिपोर्ट अधूनमधून माझ्याकडे येतात. (शुद्धलेखन बघून द्या, एवढीच अपेक्षा असते!) काळं बाइंडिंग, सोनेरी अक्षरं, आत ऋणनिर्देश, मग निर्यातीची व्याख्या, मग रंगीत पाय चार्ट. पुण्या-मुंबईच्या कुठल्याशा ऑफिसात दोन महिने बसून केलेलं काम. वाचून झालं की दर वेळी एकच प्रश्न पडतो, हे पोर कधी लासलगावला गेलंय का?

बहुतेक नसतंच गेलेलं. तास-दीड तासाच्या अंतरावर कांद्याचा एवढा मोठा बाजार, दिंडोरी-निफाडकडे युरोपला द्राक्ष पाठवणारी पॅकहाउसं, जानोरीला कंटेनर डेपो. आणि आपली मुलं जागतिक व्यापार शिकतात पॉवरपॉइंटवर.

माझी भाची निफाडची. तिने परीक्षेत 'नॉन-टॅरिफ बॅरियर'वर दोन पानी उत्तर लिहिलं होतं, उदाहरणं सगळी पुस्तकातली, अमेरिका आणि चीनची. मी म्हटलं, अगं, 2010 साली तुमच्याच गावात काय झालं ते लिहायचं की! तिला ठाऊकच नव्हतं. त्या वर्षी युरोपात पोहोचलेल्या आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइडचा अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडला. वेलीची वाढ आटोक्यात ठेवायला वापरायचं ते संजीवक. इथल्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच, तिकडे मात्र तपासलं गेलं. कंटेनर अडकले, निर्यातदारांचे पैसे बुडाले आणि पाठोपाठ बागाईतदारांचे. नॉन-टॅरिफ बॅरियर म्हणजे काय, हे तिच्या वडिलांना पुस्तक न वाचता कळलेलं होतं. घरात कुणी तो विषय काढत नाही, एवढंच.

कांद्याचंही तेच. ऑगस्ट 2023 मध्ये 40 टक्के निर्यातशुल्क लागलं. 8 डिसेंबर 2023 पासून निर्यातच बंद. जिल्ह्यात लिलाव बंद पडले, रास्ता रोको झाले. मे 2024 मध्ये बंदी उठली ती टनाला 550 डॉलर किमान निर्यातमूल्य आणि तेच 40 टक्के शुल्क घेऊन. सप्टेंबरात किमान मूल्य गेलं, शुल्क 20 टक्क्यांवर आलं, आणि 1 एप्रिल 2025 पासून तेही गेलं. दीड-पावणेदोन वर्षांत एवढे फेरे! शहरात कांदा स्वस्त राहावा म्हणून सरकारने हे केलं, यात चूक की बरोबर यावर वाद होऊ शकतो. पण ते समजून घ्यायला याहून चांगला वर्ग कुठला? अधिसूचना निघाल्यावर दुसऱ्या दिवशी सकाळी ट्रॅक्टरच्या रांगेत उभं राहायचं. व्यापारी एकेका ट्रॉलीपाशी थांबतात, मूठभर कांदा उचलून बघतात, बोली लागते, आणि मिनिटाच्या आत एका घराची चार महिन्यांची मेहनत चिठ्ठीवर लिहिली जाते. कालचा भाव आणि आजचा भाव यातला फरक ज्याने त्या माणसाच्या चेहऱ्यावर पाहिला, तो विद्यार्थी 'पॉलिसी रिस्क' हा शब्द पुन्हा कधी सहज वापरणार नाही.

आता खरी अडचण. इंटर्नशिप उन्हाळ्यात. निर्यातीची द्राक्षं जानेवारीत सुरू होतात आणि एप्रिलपर्यंत आटोपतात. म्हणजे पॅकहाउसात रात्रंदिवस काम चालू असतं तेव्हा मुलं वर्गात, आणि मुलं मोकळी होतात तेव्हा पॅकहाउसला कुलूप! वेळापत्रक कुणी द्राक्षवेलीला विचारून केलेलं नाही, मान्य. पण फेब्रुवारीतले तीन-चार शनिवार काढणं एवढं अवघड आहे का? उन्हाळ कांदा तर मे-जूनमध्ये बाजारात असतोच. त्यासाठी कुठलंच वेळापत्रक हलवायला नको. आणि 2007 साली अमेरिकेला गेलेला हापूस लासलगावच्याच 'कृषक' केंद्रात विकिरण करून गेला होता, तोही ऐन आंब्याच्या हंगामात. तेव्हा उन्हाळ्यात बघण्यासारखं काही नसतं हे कारण मला पटत नाही.

दुसरी बाजूही ऐकली आहे. एक निर्यातदार मित्र म्हणाला, "पोरं येतात, कोल्ड स्टोरेजपुढे फोटो काढतात, द्राक्षं खातात आणि जातात." खोटं नाही ते. पण मग त्यांना काम द्या ना! पेटीवरचा नंबर ग्रेपनेटवर नोंदलेल्या बागेशी जुळतो का ते तपासायला बसवा. फायटोसॅनिटरी सर्टिफिकेटवरचं वजन आणि इनव्हॉइसवरचं वजन ताडून बघू दे. 2023 च्या शेवटी तांबड्या समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जायला लागली, तेव्हा नाशवंत मालाचे किती दिवस वाया गेले आणि भाडं किती चढलं, याचा हिशेब जुन्या फायलींतून काढायला सांगा. हे काम कारकुनी वाटेल, पण मित्राकडे ते करायला माणूस नाही, आणि कॉलेजात विद्यार्थी रिकामे आहेत.

मित्र विचार करतो म्हणालाय. त्याची अट एकच, सकाळी सहाला गेटवर हजर, आणि सोबत स्वेटर. प्रीकूलिंगच्या खोलीत शून्याच्या आसपास तापमान असतं. भाचीला निरोप दिला आहे. तिने पहिला प्रश्न विचारला, "मामा, याचं सर्टिफिकेट मिळतं का?"