व्यायामाचं ताट आणि गॅलरीतली मेथी

घरात कुणी व्यायाम सुरू केला की आधी प्रोटीन पावडरचा डबा येतो. माझ्या मते आधी गॅलरीत मेथीची कुंडी यावी. राष्ट्रीय पोषण संस्थेच्या शिफारशीनुसार निरोगी प्रौढाला वजनाच्या किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं पुरतात. वरण, उसळ, दही, अंडी यांतून ती मिळतात. व्यायाम वाढला तर उसळही वाढवावी. ताटात खरी कमी पडते ती पालेभाजी. दोन कुंड्यांनी घराचं भागत नाही, हा आक्षेप रास्तच. पण मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते, आणि हाताशी असलेला ताजा पाला रोजच्या वरणात, थालीपिठात सहज पडतो. स्नायूंना प्राणवायू पोचवणाऱ्या हिमोग्लोबिनला लोह लागतं. पाल्यातलं लोह अंगी लागावं म्हणून वर लिंबू पिळावं, जेवणानंतर लगेचचा चहा मात्र टाळावा.