उजनीच्या काठावर बर्फ!

मी कॉन्व्हेंटची, त्यामुळे माझ्या मराठीत चुका सापडतील. पण आज विषयच चुकांचा आहे, तेव्हा सांभाळून घ्या.

मिनी प्रोजेक्टच्या सबमिशनच्या आदल्या रात्री दोन वाजता रूममेटने मला हलवून उठवलं. "अगं, बघ ना, काल चालत होता हा प्रोग्रॅम!" स्क्रीनवर लाल अक्षरं: अ‍ॅट्रिब्यूट एरर. 'डेटाअ‍ॅरे'ला 'रिओ' नावाचा अ‍ॅट्रिब्यूटच नाही म्हणे! शोधण्यात अर्धा तास गेला. वरची 'इम्पोर्ट रिओएक्सअ‍ॅरे' ही ओळ तिने खोडली होती, कारण ते नाव खाली कुठेच वापरलेलं दिसत नव्हतं. पण ती ओळ असते म्हणूनच एक्सअ‍ॅरेच्या डेटाला 'रिओ' चिकटतं. ओळ परत टाकली, प्रोग्रॅम सुरळीत चालला. मॅगी खाऊन आम्ही झोपलो.

खरी गंमत सकाळी. आमच्याकडे युरोपियन स्पेस एजन्सीचा 2021 सालचा वर्ल्डकव्हर नकाशा होता. त्यात 10 मीटरच्या प्रत्येक चौकोनाला एक आकडा असतो: झाडं 10, शेती 40, बांधकाम 50, उघडी जमीन 60, बर्फ 70, पाणी 80. उंचीचा डेटा 30 मीटरचा. त्याच्याशी जुळावं म्हणून नकाशा रिसॅम्पल केला, म्हणजे लहान चौकोनांचे मोठे केले. प्रिंट बघितली तर कुठे 67, 73 असे यादीत नसलेलेच आकडे, आणि उजनी धरणाच्या काठाने चक्क बर्फ! सोलापूर जिल्ह्यात!

झालं असं, की रिसॅम्पलिंगची ओळ आम्ही एका सीनियरच्या उंचीच्या प्रोग्रॅममधून जशीच्या तशी उचलली होती. त्यात 'बायलिनियर' पद्धत होती. ती शेजारच्या आकड्यांची सरासरी काढते. उंचीला ते चालतं. 500 आणि 520 मीटरच्या मध्ये 510 असू शकतं. पण इथे 60 आणि 80 ही नुसती नावं आहेत. रूम नंबर 60 आणि 80 मधल्या मुलींची सरासरी काढली तर 70 मधली मुलगी मिळते का? इथे 'निअरेस्ट' लागते, नाहीतर बहुमताने ठरवणारी 'मोड'.

बर्फ होता म्हणून निदान कळलं तरी. पण शेती 40 आणि उघडी जमीन 60, यांची सरासरी 50, म्हणजे बांधकाम! कुणाच्या शेताच्या कडेला नसलेली घरं उगवली, तर कोण ओळखणार? उद्या आपल्यातलेच काही जण नोकरीत असे नकाशे करतील, आणि त्यावरून रस्ते आणि पाणी ठरेल.

म्हणून मला वाटतं, लाल अक्षरांना आपण उगाच घाबरतो. अ‍ॅट्रिब्यूट एरर बिचारी प्रामाणिक. काम थांबवून तोंडावर सांगते. गप्प बसणारी चूक जास्त घातक. "रन झाला ना? मग झालं!" हे आपलं हॉस्टेलचं ब्रीदवाक्य आता पुरे. रिसॅम्पलिंगच्या आधी आणि नंतर कोणत्या आकड्याचे किती टक्के चौकोन आहेत, एवढं तरी बघूया. दोन-चार ओळींचं काम आहे.

आणि सर-मॅडमना एक विनंती. सही करण्याआधी व्हायवात "हीच पद्धत का?" एवढं विचारा. आम्ही अडखळू, मार्क जातील. जाऊ देत! उजनीला बर्फ पडण्यापेक्षा ते बरं.