डुक्कर खात नाही, तरीही

माझ्या मामेभावाला फिट आली, तेव्हा कुणी म्हणालं, आसेब आहे. एमआरआयमध्ये मेंदूत फीतकृमीची गाठ निघाली. "पण आम्ही डुक्कर खात नाही!" मुमानी पुन्हा पुन्हा म्हणत होती.

कच्च्या मांसातून कृमी आतड्यात वाढतो. मेंदूतली गाठ होते त्याच्या अंड्यांमुळे. ती माणसाच्या विष्ठेतून सांडपाण्यात आणि तिथून कोथिंबीर-मुळ्यावर, म्हणजे आपल्या कचुंबरात येतात. शुद्ध शाकाहारी घरांतही हा आजार आढळतो. हलालचा शिक्का बारकाईने पाहणारे आपण, भाजी कोणत्या पाण्यावर वाढली हे मात्र विचारत नाही.

मिठाच्या पाण्यावर भिस्त नको. पान न् पान वाहत्या पाण्याखाली चोळून धुवा, शंका असेल तर शिजवा. वॉर्डात नाल्यावर भाजी पिकत असेल तर पालिकेत लेखी तक्रार द्या. मी दिलीय, पोच खिशात आहे.