सोपवायचे ते काय?

‘सारे प्रभूच्या हाती सोपव,’ असे आमच्या मंडळीत लहानपणापासून ऐकत आलो. सांगणारे बहुधा पोटभर जेवलेले असतात आणि ऐकणारा फी कुठून भरायची या विवंचनेत! मग सोपवणे म्हणजे हातपाय गाळणे, असाच अर्थ आमच्यासारख्या घरांत रूढ होतो. मला तो मुळीच मान्य नाही.

पंडिता रमाबाईंकडे पाहा. अमेरिकेतील रमाबाई असोसिएशनची दहा वर्षांच्या मदतीची हमी १८९८ मध्ये संपली. त्याच्या तोंडावर, १८९६-९७ च्या दुष्काळात, बाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. पैसा कुठून येईल ते देवावर सोडले. बाकी काहीच सोडले नाही. केडगावला विहिरी खणवल्या, शेती केली, छापखाना चालवला, हिब्रू-ग्रीक शिकून बायबल मराठीत आणायला घेतले. १९२१ मध्ये कन्या मनोरमा गेली. संस्थेची धुरा जिने वाहायची, तीच. तरीही भाषांतर चालूच राहिले. पुढच्याच वर्षी बाईही गेल्या.

विश्वासाचा हा राबणारा अर्थ फीच्या काळजीत बसलेल्या मुलाला व्यासपीठावरून का सांगितला जात नाही?