आधी दुखणं शोधा, मग पाना हातात घ्या

मंडळी, मास्तरचा आणि ट्रकचा संबंध काय, असं तुम्हाला वाटेल. घरच्यांना मात्र वाटणार नाही. धाकट्या भावानं ट्रक घेतल्यापासून आमच्याकडे जेवताना सुद्धा नोझल आणि गॅस्केटच्या गप्पा चालतात. आता ती गाडी पुतण्या बघतो. जुनी आहे, सहा सिलिंडरची, जुन्या पद्धतीच्या डिझेल पंपाची. तिच्यात कॉम्प्युटर वगैरे काही नाही. गेल्या उसाच्या हंगामात तिनं जो ताप दिला, त्यावरून माझं एक जुनं मत आणखी पक्कं झालं. तेच आज लिहितो.

मत असं की, सुट्या भागाचे पैसे आपण मुकाट्यानं देतो, पण बिघाड नेमका कुठे आहे हे शोधायचे पैसे द्यायचं म्हटलं की आपल्या जिवावर येतं. मग मिस्त्रीही शहाणा होतो. तो शोधत बसत नाही, भाग बदलतो. त्याचं बिल होतं, आपलं समाधान होतं, आणि गाडी होती तशीच राहते.

पुतण्याच्या गाडीचं दुखणं असं होतं. रात्री उभी केली की सकाळी सुरू व्हायला नको. स्टार्टर मारून मारून बॅटरी उतरायची. एकदा सुरू झाली तरी भरल्या उसात चढाला दम टाकायची. पहिल्या गॅरेजात फिल्टर बदलले. दुसऱ्या ठिकाणी नोझल बदलले. तिसऱ्यानं नुसतं ऐकूनच सांगितलं, "इंजिन काम निघालंय, बोअर-पिस्टन करावं लागेल." खर्च लाखाच्या पुढे, आणि गाडी ऐन हंगामात पंधरा दिवस उभी. गाडीवर कर्ज होतंच. पोरगं माझ्याकडे येऊन म्हणालं, "काका, विकून टाकावी म्हणतोय."

मग भावाच्या वेळचे एक म्हातारे मिस्त्री आठवले. ते आले आणि पाना न काढता आधी प्रश्न विचारत बसले. ऑइल किती खाते? पाणी कमी होतं का? धूर कसला, काळा की निळा की पांढरा? गाडी गरम झाल्यावर बंद करून लगेच स्टार्टर मारला तर सुरू होते का?

हे प्रश्न उगीच नसतात. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. तिथे आधी एअर फिल्टर बघावा, मग नोझल आणि पंप. निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. पांढरा म्हणजे डिझेल न जळता बाहेर पडतंय, नाहीतर सिलिंडरमध्ये पाणी शिरतंय. रेडिएटरमधलं पाणी कमी होतंय का, यावरून त्यातला फरक कळतो. इंजिन खरोखर झिजलं असेल तर ते ऑइल पितं, ब्रीदरमधून जोरात धूर फेकतं, आणि कॉम्प्रेशन मोजलं की आकडाच बोलतो. आमच्या गाडीत यातलं काहीच नव्हतं. मग बोअर-पिस्टन कशासाठी?

मिस्त्रींनी गाडी सुरू केली आणि एकेका नोझलच्या पाइपचा नट जरा सैल करून पाहिला. ज्या सिलिंडरचं डिझेल तोडल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तो सिलिंडर काम करत नाही. इथे सहाही वेळा आवाज बदलला. म्हणजे सहाही कामावर हजर होते! मग त्यांनी टाकीकडून येणारा पाइप सोडवला, एका कॅनमध्ये स्वच्छ डिझेल घेतलं आणि नव्या नळीनं ते थेट फीड पंपाला दिलं. हातपंप मारून हवा काढली. गाडी सुरू झाली. रात्रभर तशीच ठेवली, आणि सकाळी पहिल्या स्टार्टरला उठली. "गुरुजी, पंप बरा, इंजिन बरं. टाकीपासून इथपर्यंत कुठंतरी हवा घेतेय," ते म्हणाले.

यातली गंमत मला फार आवडली. पंपाच्या पुढे डिझेल दाबाखाली असतं, तिथे गळती झाली तर डिझेल बाहेर ठिबकतं आणि डोळ्यांना दिसतं. टाकी ते फीड पंप या भागात मात्र पंप डिझेल ओढत असतो. तिथे सांधा सैल असेल तर हवा आत जाते, बाहेर थेंबही दिसत नाही. रात्री डिझेल हळूहळू टाकीकडे परत उतरतं आणि सकाळी पंप हवा ओढत बसतो. शेवटी सापडलं काय, तर सांध्यावरचं तांब्याचं वॉशर दबून गेलं होतं आणि शेजारची रबरी नळी तडकली होती. वॉशर आणि नळी मिळून खर्च काही शेकड्यांचा.

मास्तरकीत हेच पाहिलं. ५२ वजा ३८ याचं उत्तर एखादा मुलगा २६ लिहितो. त्याला 'ढ' म्हणून आणखी पन्नास गणितं दिली तर पन्नास चुका मिळतात. वही नीट बघितली तर कळतं की तो प्रत्येक घरात मोठ्या अंकातून लहान अंक वजा करतोय, हातचा घेणं त्याला समजलेलंच नाही. एवढं सापडलं की दहा मिनिटांचं काम. डोकं बदलायची गरज नसते.

कुणी म्हणेल, हे जुन्या गाड्यांचं झालं. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आलं, आता स्कॅनर लावला की सगळं कळतं. स्कॅनर चांगलाच आहे, माझा विरोध नाही. पण तो सांगतो की अमुक ठिकाणी डिझेलचा दाब कमी आहे. कशामुळे कमी, हे माणसालाच शोधावं लागतं. कोड वाचून तोच भाग बदलणं म्हणजे आमच्या त्या तिसऱ्या गॅरेजासारखंच झालं.

दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. जुन्या गाड्या धूर ओकतात, त्यांना कशाला जगवायचं? माझं म्हणणं, तपासणीत इंजिन संपलेलं निघालं तर खुशाल भंगारात द्या, त्याबद्दल रडू नका. पण तो निर्णय तपासणीनंतर घ्या. कर्जात असलेल्या माणसाची गाडी एका वॉशरपायी विकली जाऊ नये.

म्हणून गाडीवाल्या मंडळींना एवढंच सांगणं. गॅरेजात गेल्यावर "किती होतील?" हे नंतर विचारा, आधी "काय सापडलं, आणि कशावरून?" हे विचारा. आणि ज्यानं नीट शोधून दिलं, त्याला त्या शोधण्याचे वेगळे पैसे द्या. आमच्या मिस्त्रींनी वॉशर-नळीचेच पैसे सांगितले होते. पुतण्यानं त्यांना दोन दिवसांची पूर्ण मजुरी दिली, आणि गाडीच्या क्लीनरला त्यांच्या हाताखाली शिकायला पाठवलं. मला वाटतं, ते दुसरं काम जास्त शहाणपणाचं झालं.